दार का अडतं? लाकडाच्या पोटातल्या पाण्याची गोष्ट

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल नागपुरात कुणाच्या घरी नसतो? वर्षभर माळ्यावर नाहीतर कपाटाच्या डोक्यावर बसलेला हा नंदी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खाली उतरतो, झूल पांघरतो आणि मुलांबरोबर बोजारा गोळा करायला दारोदार फिरून येतो. आमच्या घरचा बैल सासूबाईंच्या लग्नाआधीचा आहे. अखंड सागवानी. त्याच्या पोटाला एक लांब चीर आहे. मे महिन्यात त्या चिरेत रुपयाचं नाणं सहज उभं राहतं आणि पोळ्याला बघावं तर कागदही शिरत नाही!

नवी नवरी असताना मी एका उन्हाळ्यात हौसेनं त्या चिरेत लांबी भरली, वर रंगही दिला. पोळ्याला बैल काढला तो काय, भरलेली लांबी फुगवट्यासारखी बाहेर आलेली आणि रंगाचे पोपडे सुटलेले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, त्याला पाऊस कळतो. बुजवू नकोस."

त्यांचं बोलणं तेव्हा हसण्यावारी नेलं. ते किती खरं होतं हे कळायला एक दार तोडावं लागलं.

घर नवं केलं तेव्हा न्हाणीघराला आम्ही लाकडाचंच दार लावलं. तीन-चार रुंद फळ्या एकमेकींना चिकटवून केलेलं. लाकूड विकणाऱ्यानं "एकदम सुकं" म्हणून दिलं, आम्ही एकदम सुकं म्हणून घेतलं. मे महिन्यात दार बसवलं तेव्हा ते चौकटीत असं नेटकं बसलं की कौतुक वाटलं. ऑगस्टमध्ये एका सकाळी सासूबाई आत गेल्या, दार ओढून घेतलं आणि ते बसलंच. आतून त्या ओढताहेत, बाहेरून आम्ही ढकलतोय, दार हलेना. त्यांना साखरेचा त्रास, सकाळचा चहासुद्धा झालेला नव्हता. पाऊण तासानं पहारीनं चौकट उचकटून त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्या घामानं भिजून गेल्या होत्या. हातापायाला कापरं भरलं होतं.

सुतार आले. वयस्क होते. दार हातानं चाचपून म्हणाले, "वहिनी, आत्ता रंधा मारू नका. दार फुगून राहिलं. दिवाळी होऊ द्या, आपोआप बसते." पण आम्ही इतके घाबरलेलो होतो की त्यांचं ऐकलं नाही. दोन्ही कडांना चांगला रंधा मारून घेतला. पुढच्या मे महिन्यात त्याच दाराच्या फटीतून बाहेरचं सगळं दिसायला लागलं! शेवटी ते दार काढून टाकावं लागलं. पैसे गेले ते गेलेच, पण सासूबाईंनी पुढे वर्षभर न्हाणीघराची कडी लावली नाही, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून मी या लाकडाच्या मागे लागले. जे समजलं ते तुम्हांला सांगते. दार करायचं, दिवाण करायचा, मुलीच्या संसाराला कपाट द्यायचं, तर यात आपले हजारो रुपये गुंतलेले असतात.

लाकूडही सादळतं

पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पापड सादळतो, मिठाला पाणी सुटतं. लाकडाचंही तसंच आहे. झाड तोडलं तरी लाकडाची तहान जात नाही. हवा दमट असली की ते हवेतली वाफ शोषतं, हवा कोरडी झाली की सोडून देतं. ज्या हवेत ते बराच काळ राहील तिच्याशी त्याचा ओलावा हळूहळू जुळतो.

ताज्या तोडलेल्या लाकडात खूप पाणी असतं. काही झाडांत तर कोरड्या लाकडाच्या वजनाहून पाण्याचं वजन जास्त भरतं. यातलं बरंचसं पाणी लाकडाच्या बारीक नळ्यांच्या पोकळीत मोकळं असतं. ते वाळतं तेव्हा लाकूड हलकं होतं, पण आकसत नाही. ओलावा साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या खाली आला की मग नळ्यांच्या भिंतींत मुरलेलं पाणी निघू लागतं, आणि आकसणं तिथून सुरू होतं. पुढे आयुष्यभर हेच पाणी आतबाहेर करत राहतं आणि लाकडाला फुगवतं, आकसवतं.

आता आपलं नागपूर बघा. मे महिन्यातल्या दुपारी पारा ४५ च्या पुढे. २०१३ च्या मे महिन्यात तर तो ४७.९ अंशांवर गेला होता. हवा इतकी कोरडी की धुतलेली साडी वाळत घालून मागे वळावं तोवर वाळलेली असते. अशा हवेत लाकडाचा ओलावा पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरू पाहतो. मग जून येतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड चौदा-पंधरा टक्क्यांकडे निघतं. मुंबई-रत्नागिरीकडे हवा वर्षभर दमटच, त्यामुळे तिथल्या लाकडाला एवढे हेलकावे नसतात. विदर्भातल्या दाराला मात्र एका वर्षात दोन टोकं गाठावी लागतात.

फुगतं ते रुंदीत

एक गंमत तुमच्याही लक्षात आली असेल. पावसाळ्यात दार अडतं ते बहुधा कडीच्या बाजूला. उंचीनं ते वाढत नाही. कारण लाकडाच्या नळ्या उभ्या असतात, त्या जाड-बारीक होतात, लांब होत नाहीत. लांबीतला फरक नगण्य, रुंदीतला मोठा. त्यातही झाडाच्या वर्तुळांच्या दिशेनं लाकूड जास्त आकसतं आणि गाभ्यापासून सालीकडे कमी. सागवान ओलं असल्यापासून ते पूर्ण कोरडं होईपर्यंत वर्तुळांच्या दिशेनं सुमारे ५.८ टक्के आकसतं, तर गाभ्यापासून बाहेरच्या दिशेनं सुमारे २.५ टक्के. दोन दिशांची ही ओढाताण म्हणूनच फळी वाटीसारखी वाकते आणि गाभ्यासकट कोरलेल्या बैलाच्या पोटाला चीर पडते.

जरा हिशेब करू. आमच्या त्या दाराची रुंदी अडीच फूट, म्हणजे साधारण ७५० मिलिमीटर. सागवानाचा ओलावा एक टक्क्यानं बदलला तर रुंदीत शंभराला ०.२ असा फरक पडतो. उन्हाळा-पावसाळ्यात सहाच टक्क्यांचा फरक धरला तरी दार ९ मिलिमीटर वाढलं! चौकटीत फट होती दोन मिलिमीटरची. मग अडेल नाही तर काय?

महालातल्या जुन्या वाड्यांची दारं कधी निरखून पाहा. त्यांत उभ्या-आडव्या पट्ट्यांचा सांगाडा आणि मध्ये पॅनल असं दार दिसेल. पट्ट्यांना खाच असते आणि पॅनल तिच्यात नुसतं सरकवलेलं असतं. ना खिळा, ना सरस. पॅनल त्या खाचेत फुगतं, आकसतं, बाहेरचं माप मात्र फारसं बदलत नाही. फक्त दोन्ही बाजूंच्या चार-चार इंची पट्ट्या काय त्या दोन-अडीच मिलिमीटर वाढतील तेवढंच. ही साधी अक्कल चकचकीत दाराच्या मोहात आपण हरवून बसतो. सुतारानं पॅनलला खिळे ठोकलेले दिसले तर तिथल्या तिथे थांबवा. पुढच्या उन्हाळ्यात ते पॅनल तडकणारच.

वाळवलेलं आणि भाजलेलं

दुकानदार हमखास सांगतो, "ताई, माल भट्टीतून काढलेला आहे, सीझन केलेला आहे." याचा अर्थ नीट समजून घ्या.

पूर्वी लाकूड सावलीत, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, रचून वाळवत. इंचभर जाडीच्या फळीला वर्षभर असा ठोकताळा. भट्टीत तेच काम काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत होतं. या भट्टीत ४५ ते ७५ अंशांच्या आसपास गरम हवा खेळवतात आणि सुरुवातीला मुद्दाम वाफ सोडतात. वाळवायचं तर वाफ कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण आपण सांडगे एकदम कडक उन्हात घातले तर वरून कडक आणि आतून ओले राहतात, हो ना? लाकडाचं तसंच. बाहेरचा थर आधी वाळून आकसला आणि आत पाणी राहिलं तर फळी तडकते. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात उघड्यावर टाकलेल्या लाकडाची टोकं फाटतात ती याचमुळे. म्हणून जाणकार मंडळी फळीच्या टोकांना रंग किंवा मेण लावून ठेवतात.

आता महत्त्वाचं. भट्टीत वाळवलेलं लाकूड पुन्हा सादळतं! भट्टीनं त्याचं पाणी काढलं, तहान नाही काढली. भट्टीतून दहा टक्क्यांवर निघालेला माल पावसाळ्यात दोन महिने उघड्या छपराखाली पडून राहिला तर पुन्हा पंधरावर जातो. "भट्टीत वाळवलं होतं का" या प्रश्नाबरोबर "आज ओलावा किती आहे" हाही प्रश्न विचारायला हवा.

दुसरा प्रकार भाजलेल्या लाकडाचा. कच्चा रवा आणि भाजलेला रवा यांत जो फरक, तोच इथे. लाकूड १६० ते २२० अंशांपर्यंत तापवतात. जळू नये म्हणून आत हवेऐवजी वाफ भरतात. एवढ्या उष्णतेनं लाकडातले पाणी धरून ठेवणारे साखरेच्या जातीचे पदार्थ मोडतात. त्यांना हेमिसेल्युलोज म्हणतात. ते मोडले की तहानच कमी होते. असं लाकूड त्याच हवेत साध्या लाकडाच्या जवळपास निम्माच ओलावा घेतं आणि फुगणं-आकसणंही निम्म्याच्या आसपास येतं. रंग खरपूस तपकिरी होतो. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात ही पद्धत व्यापारात रुळली. तिथे पाइन-स्प्रूस जातीचं स्वस्त लाकूड २१२ अंशांवर भाजून घराबाहेरच्या भिंतींना लावतात. आपल्याकडे बंगळुरूच्या काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेतही यावर संशोधन झालं आहे.

पण रवा जास्त भाजला की करपतो, तसं हे लाकूड ठिसूळ होतं, वाकवलं तर लवकर मोडतं. त्यामुळे भिंतीची सजावट, बागेतली फळी यांना ते ठीक. झोपाळा, शिडी, पलंगाचे पाय यांना मुळीच नको. आणि जुन्या पक्क्या सागाला या सोपस्काराची फारशी गरजही नाही. त्याच्या अंगातच तेल असतं, ते पाण्याला अडवतं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाची ख्याती त्यासाठीच. २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी साग रवाना झाला तो याच जंगलांतला. तरीही साग फुगतच नाही असं समजू नका. कमी फुगतो, एवढंच.

तिसरी एक भानगड. मालाच्या पेट्यांवर, पॅलेटवर "एचटी" असा शिक्का असतो. हल्ली त्यांच्या फळ्यांचं फर्निचर करायची टूम निघाली आहे. हा शिक्का कीड मारण्याचा आहे. लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं ठेवला, एवढंच तो सांगतो. लाकूड वाळलेलं आहे, असं त्यातून सिद्ध होत नाही.

लाकूड घ्यायला जाताना

लकडगंजात किंवा तुमच्या गावच्या आरा मशीनवर जाल तेव्हा या गोष्टी लक्षात ठेवा.

१. ओलावा मोजण्याचं छोटं यंत्र मिळतं. सुया टोचल्या की आकडा दिसतो. दुकानदाराला मोजून दाखवायला सांगा. नागपूरच्या हवेला दहा-बारा टक्के बरे. भारतीय मानक आयएस २८७ मध्ये देशाचे हवेच्या दमटपणाप्रमाणे चार विभाग करून कुठल्या कामाला किती ओलावा चालेल ते दिलं आहे. बिलावर ओलाव्याचा आकडा लिहून मागा. संकोच कसला? सोनं घेताना आपण कॅरेट विचारतोच की!

२. यंत्र नसेल तर स्वयंपाकघरात परीक्षा होते. फळीच्या टोकाचा तुकडा न घेता मधला छोटा तुकडा कापून घ्या. काट्यावर वजन करा. मग विजेच्या ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी वजन करत राहा. वजन उतरायचं थांबलं की झालं. समजा आधी ११२ ग्रॅम होतं आणि शेवटी १०० ग्रॅम भरलं. १२ ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे ओलावा १२ टक्के. भागाकार कोरड्या वजनानं करायचा हे विसरू नका. ओव्हन चालू ठेवून घराबाहेर मात्र जाऊ नका.

३. आणलेलं लाकूड लगेच कापू देऊ नका. ज्या खोलीत वापरायचं तिथेच, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, दोन-तीन आठवडे रचून ठेवा. सुतार घाई करील. तुम्ही करू नका.

४. काम दिवाळीनंतर, थंडीत काढलेलं चांगलं. तेव्हा हवा दोन्ही टोकांच्या मध्ये असते. मे महिन्यातच दार बसवणं भाग पडलं तर कडीच्या बाजूला रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल, निदान तेवढी फट सोडायला लावा. ही फट पट्ट्या-पॅनलच्या दारापुरती. अखंड फळ्यांच्या दाराला एवढ्यानं भागत नाही. भर पावसाळ्यात बसवत असाल तर फट कमी ठेवा, कारण दार पुढे आकसणारच आहे.

५. रंग-पॉलिश सहाही बाजूंना हवं. दाराची वरची आणि खालची कड सुतार सहसा कोरीच सोडतो, आणि नळ्यांची तोंडं असलेल्या पट्ट्यांच्या टोकांतूनच पाणी सर्वांत भरभर शिरतं. खालून आरसा धरून बघा. रंगानं ओलावा पुरता थांबत नाही, पण त्याची चाल मंदावते.

दार अडलंच तर

आधी बिजागरीचे स्क्रू पाहा. पुष्कळदा दार फुगलेलं नसतं, लटकलेलं असतं. स्क्रू ठीक असतील तर जिथे घासतं तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासा. तेवढ्यावर पावसाळा निघतो. दिवाळीनंतरही अडत असेल तर खुणेपुरताच रंधा मारा आणि उघडी पडलेली कड त्याच दिवशी रंगवा.

न्हाणीघराला आणि संडासाला लाकडी दार नकोच. पीव्हीसी किंवा धातूचं लावा. आहे तेच ठेवायचं तर ते नुसतं आतून बंद होणारं नको. बाहेरून उघडता येईल अशी कडी बसवून घ्या. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर हे उद्यावर टाकू नका. आणि दार अडतंय असं दिसल्यापासून ते पूर्ण ओढून घेऊ नये हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे ते आधी दोन दिवस करकरत होतं. लक्ष कुणी दिलं नाही.

कूलर आणि पोळपाट

आपल्याकडे उन्हाळ्यात लाकडाला आणखी एक त्रास, तो कूलरचा. वाळ्याच्या ताटव्यांतून आलेली ओली हवा खोलीत, आणि दारापलीकडे भाजणारी कोरडी हवा. दाराची एक बाजू फुगते, दुसरी आकसते आणि दार कूलरच्या बाजूला पोट काढतं. कूलरचा झोत कपाटावर, दिवाणावर, आणि तंबोऱ्या-सतारीवर तर मुळीच येऊ देऊ नका. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. हवा खेळती राहते, आणि कूलरचा गारवाही तेव्हाच लागतो.

भुश्याच्या दाबलेल्या पाट्यांचं स्वस्त कपाट असेल तर त्याला पाण्यापासून जपा. सागाची फळी फुगली तरी वाळल्यावर बरीचशी पूर्ववत बसते. ही पाटी एकदा फुगली की परत बसत नाही.

आणि पोळपाट-लाटणं? ते कधीही पाण्यात बुडवून ठेवू नका. धुतल्यावर लगेच पुसा आणि उभं करून सावलीत वाळवा, म्हणजे दोन्ही अंगांना सारखी हवा लागते. ओला पोळपाट ओट्यावर आडवा ठेवला की वरची बाजू वाळते, खालची ओली राहते आणि आठवड्याभरात तो डुगडुगायला लागतो. गॅसजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नका. महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा पुसट हात फिरवा.

आमच्या न्हाणीघराला आता पीव्हीसीचं दार आहे, बाहेरून उघडणाऱ्या कडीचं. सासूबाई पुन्हा निर्धास्तपणे कडी लावू लागल्या आहेत. बैलाच्या पोटातली लांबी मी त्याच वर्षी काढून टाकली. मे महिन्यात मुलं त्या चिरेत नाणं उभं करून बघतात आणि विचारतात, हा बरा कधी होणार? त्यांना सांगते, पोळा येऊ दे, तोवर त्याची चीर आपोआप मिटेल.